शुभकार्यात रुसणारी गाडी

ओवी आणि निहार,

परवा व्हिडिओ कॉलवर निहारने विचारलं, "आजी, तू गॅरेजमध्ये काय करायचीस? तुला तर गाडी चालवताही येत नाही." तुमचे आजोबा मागून ओरडले, "ती गाड्यांना प्रश्न विचारायची!" तुम्ही हसलात आणि विषय संपला. पण उत्तर खरं होतं. आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकाला यंदा माझ्याकडून कामाच्या आठवणी हव्या आहेत. म्हटलं, अंकालाही देऊ आणि तुम्हालाही पाठवू. मराठी अडेल तिथे बाबाला विचारा.

तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची शेड होती. आजूबाजूला ट्रक, वेल्डिंग, रंगाचा वास, आणि आमच्याकडे सगळ्या जुन्या गाड्या. आजोबांच्या हातात कसब होतं, पण त्या गाड्यांची जाडजूड पुस्तकं इंग्रजीत. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, भौतिकशास्त्राची पदवीधर. लग्नानंतर मी शेडमध्ये स्टूल टाकून पुस्तक वाचायचे आणि आजोबा गाडीखालून "पुढे!" म्हणायचे. वाचता वाचता मला गाडी समजू लागली. मग गिऱ्हाइकांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. गिऱ्हाईक नेहमी काय बिघडलंय ते सांगतं. काय झालं ते सांगत नाही. ते काढून घ्यायला चिकाटी लागते. पाना मी कधी हातात धरला नाही, पण कुठला पाना कुठे लावायचा हे बरेचदा माझ्या प्रश्नांवरून ठरायचं. एवढा अभिमान मला आहे.

तुमची विजेची गाडी सिग्नलला उभी राहिली की गप्प होते. जुन्या गाडीचं तसं नसतं. तिचं इंजिन उभ्या जागीही चालू राहावं लागतं, पाय ॲक्सिलरेटरवर नसताना, अगदी संथ. गॅरेजात याला 'स्लो' म्हणतात. इंजिनाला पळणं सोपं, उभं राहणं अवघड. सायकल वेगात असली की तोल आपोआप सांभाळला जातो, पण मुंगीच्या चालीने चालवून बघा. पेट्रोल, हवा आणि ठिणगी या तिघांपैकी एकाचंही जरा चुकलं की पळताना कळत नाही. स्लोवर मात्र इंजिन धापा टाकतं आणि विझतं. म्हणून 'उभी राहिली की बंद पडते' ही तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी चहा मागवायचे. कारणं शंभर, आणि दिसायला सगळी सारखी.

वाशीचे एक गृहस्थ होते. त्यांची गाडी फक्त बायको शेजारी बसली की बंद पडायची. ते हे अगदी गंभीरपणे सांगत होते आणि बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी दोघांना बसवून तुर्भे नाक्यापर्यंत चक्कर मारायला लावली आणि स्वतः मागे बसले. बाईंनी बसल्या बसल्या भाजीची पिशवी समोरच्या एका बोंडाला अडकवली. ते बोंड चोकचं होतं. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल पाजण्यासाठी ते ओढायचं असतं. दुधी आणि नारळाच्या वजनाने ते आपोआप ओढलं जायचं, आणि गरम इंजिन पेट्रोलमध्ये गुदमरायचं. मी पिशवी काढून मांडीवर घेतली. गृहस्थ म्हणाले, "बघितलंत? मी म्हणतच होतो, हिच्यामुळेच." बाई म्हणाल्या, "एक हुक लावून द्या म्हणून वर्षभर सांगतेय मी ह्यांना!" परतीच्या वाटेवर दोघंही बोलले नाहीत. गाडी मात्र मस्त चालली.

सगळी प्रकरणं अशी हसण्यावारी गेली नाहीत.

म्हात्रे आमच्याकडे आले तेव्हा उन्हाळा तापला होता. करावे गावचे, खाडीवर मासेमारी केलेल्या घरातले, स्वतः नोकरी करून निवृत्त झालेले. पूर्वी मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीला जी गाडी असायची त्याच जातीची, पण दुधी रंगाची गाडी त्यांच्या वडिलांपासून घरात होती. सोबत धाकटी मुलगी हर्षदा होती, सीवूड्सच्या मॉलमध्ये काम करणारी. ती आत न येता दारातच उभी राहिली.

"बाय, गारी झकास हाय," म्हात्रे म्हणाले. त्यांच्या बोलीत गाडीची 'गारी' होते. "बाजारान जाते, पनवेलला जाते, कई तक्रार नाय. पन शुभ कामाला रुसते."

आजोबा दुसऱ्या गाडीच्या बॉनेटखाली होते. तिथूनच म्हणाले, "गाडीला शुभ-अशुभ कळत असतं तर माझी निम्मी गिऱ्हाइकं भटजींकडे गेली असती."

"हसू नका सायेब. माझे मोठे पोरीचा जल्म चाललाय लोकांच्या हसन्यान."

मग त्यांनी सांगितलं. मोठी मुलगी वंदना, तिची वरात याच गाडीतून गेली होती. सासरच्या दारासमोर, बँड वाजत असताना, गाडी बंद पडली ती सुरूच होईना. शेवटी नवऱ्याच्या मित्रांनी ढकलत दाराशी नेली. सासूबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, "धक्का मारून आनली रं सून!" सगळे हसले. ते वाक्य तिथेच संपायला हवं होतं, पण ते त्या घरात राहायला आलं. वंदनाला स्वयंपाकाला उशीर झाला की, "हिला धक्का मारा." माहेरून यायला उशीर झाला की तेच. पहिलं मूल उशिरा झालं, तेव्हाही तेच.

"आता हिचं लगीन हाय," म्हात्रे दाराकडे बोट करून म्हणाले. "सगली सांगतान, भारयाची गारी आना. ही ऐकत नाय."

हर्षदा तेव्हा पहिल्यांदा बोलली. "काकू, भाड्याची गाडी आणली तर सगळे म्हणणार, घाबरले. ताईला अजून बोलतात ना, मग त्यांच्या समोरून मी ह्याच गाडीतून जाणार. आणि बंद पडली तर उतरून चालत जाईन. धक्का मारू देणार नाही कोणाला."

"ऐकलंव?" म्हात्रे म्हणाले. "नवरी चालत जाल म्हनते!"

मी त्यांना चहा दिला आणि माझे प्रश्न सुरू केले. मी क्रम कधी मोडत नाही. गाडी थंड असताना बंद पडते की गरम? चालत्यात की उभी असताना? दिवे लावल्यावर की दिवे नसताना? आणि आजपर्यंत कधी कधी बंद पडली? ते म्हणाले, वंदनाच्या लग्नात. मग एका दसऱ्याला. मग साखरचौथीचा, म्हणजे अनंत चतुर्दशीनंतरच्या संकष्टीला बसणारा, गणपती घरी आणताना. प्रत्येक वेळी गरम आणि अगदी हळू चालताना. एरवी कधीच नाही.

शुभ कामाला रुसते, हे मी अंधश्रद्धा म्हणून बाजूला ठेवलं नाही. गिऱ्हाईक कारण चुकीचं सांगतं, पण प्रसंग सहसा बरोबर सांगतं.

गाडी ठेवून घेतली आणि आमचे वाईट दिवस सुरू झाले. ती आमच्या शेडमध्ये दुपारभर स्लोवर उभी राहायची, एखाद्या शहाण्या मुलासारखी. आजोबांनी प्लग बघितले, ठिणगीचे पॉइंट घासून नीट केले, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर खोलून त्याची सुईएवढी भोकं साफ केली, जोडांवर साबणाचं पाणी सोडून कुठून हवा शिरते का तेही पाहिलं. दोष सापडेना. बिघडलेली गाडी परवडते; शेडमध्ये येताच शहाणी होणारी गाडी माणसाला खाते. लग्न जवळ येत होतं. म्हात्रे रोज फोन करायचे आणि काही न विचारता नुसतं "हां, बाय?" म्हणायचे.

आजोबा एकदा वैतागून म्हणाले, "स्लोचा स्क्रू थोडा वाढवून देतो. इंजिन जरा जोरात फिरेल, पडायचं नाही."

"आधीच्या प्रत्येक मेकॅनिकने तेच केलंय," मी म्हटलं. "ताप का आला ते न बघता नुसती पट्टी ठेवायची का?"

"मग तूच सांग काय करू! तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय?"

पुस्तकात काहीच नव्हतं. मी म्हात्र्यांना परत बोलावलं आणि न विचारलेला एक प्रश्न विचारला. त्या तिन्ही दिवशी गाडी बाहेर काढायच्या आधी तुम्ही तिचं काय काय करता?

"काय करनार? धुवाची, हलद-कुंकू लावाचा, नारल फोराचा, हार घालाचा."

"हार केवढा?"

त्यांनी दोन्ही हात फाकवले. मग ते हात गुडघ्यापर्यंत खाली आणले. तो हार नव्हता, झेंडूचा पडदा होता. गाडीचं अख्खं तोंड झाकणारा. आणि गाडीच्या तोंडाची जाळी म्हणजे तिचं नाक. तिथून वारा आत जातो आणि इंजिन थंड राहतं. वेगात असताना थोडाफार वारा कुठून तरी शिरतो. वरातीच्या चालीत काहीच शिरत नाही.

आजोबा गाडीपुढे जाऊन जाळीसमोर वाकले. मग म्हणाले, "शंका बरोबर असेल. पण बघितल्याशिवाय मी मानणार नाही."

मीही मानणार नव्हते. म्हणून आम्ही वरात काढली.

वाशीच्या बाजारातून झेंडू आणून गाडीचं तोंड लग्नासारखं सजवलं. भर दुपारी, तुर्भ्याच्या ट्रकांच्या रस्त्याला, आजोबा चालकाच्या जागी आणि वजन सारखं व्हावं म्हणून मी मागे, नवरीच्या जागी. म्हात्रे बँडच्या जागी, गाडीपुढे चालत. त्यांना आधी फार लाज वाटत होती. वेग बरोबर राहावा म्हणून ते खरोखर वरातीत चालतात तसे दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे चालू लागले.

एका ट्रकचालकाने खिडकीतून डोकं काढलं. "चाचा, दुल्हन किधर है?"

आजोबांनी अंगठ्याने मागे दाखवलं. "पीछे बैठी है. पुरानी है, लेकिन चालू है!"

मी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. हसू येत होतं, पण कान इंजिनाकडे होते. टेम्पो स्टँड ओलांडल्यावर त्याचा सूर बदलला. आधी स्लो वर-खाली झाला, मग एक झटका, आणि शांतता. आजोबांनी किल्ली फिरवली. नुसती घरघर. पुन्हा घरघर.

आजाराची खूण एकदाची सापडली की डॉक्टरला वाटतं तसं मला हायसं वाटलं. मी दार उघडून उतरले आणि जवळजवळ टाळी वाजवणार होते, तेवढ्यात म्हात्र्यांकडे लक्ष गेलं. ते फुटपाथच्या कडेला बसले होते. चेहरा पांढरा पडला होता. "तसंच," ते म्हणत होते. "अगदी तसंच, बाय. हाच आवाज." त्यांच्या कानात बँड थांबला होता आणि लोक हसत होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. दुसरं काय करणार?

आजोबांनी फडकं भिजवून पेट्रोलच्या पंपावर गुंडाळलं, थोडा वेळ थांबले आणि किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. म्हणजे पेट्रोल नळीतच उकळून त्याची वाफ होत होती, आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. मग नळीवरून हात फिरवत जाताना आणखी एक गोष्ट सापडली. कधीतरी कोणीतरी मूळची धातूची नळी काढून लांब रबरी नळी घातली होती, आणि ती जादा लांबीमुळे लोंबून धुराच्या तापलेल्या पाइपाला टेकत होती. एरवी वाऱ्यामुळे निभावत होतं. वारा थांबला की नळी शिजायची. त्यात हल्लीचं पेट्रोल पूर्वीपेक्षा लवकर उकळतं, असं आजोबांचं ठाम मत आहे. मी त्यावर वाद घालत नाही.

नळी बदलली, दूरच्या वाटेने नेली, तिला आच्छादन घातलं. पुन्हा वरात काढली. या वेळी गाडी पडली नाही, पण उष्णतेचा काटा चढतच राहिला. मी म्हात्र्यांना सांगितलं, "टपावर फुलं लावा, बॉनेटवर लावा, दारांना लावा. तोंडावर एकही नको."

"तोंडावर फुला नाय त नवरीचे गारीला शोभा काय? लोक म्हनतील, म्हात्र्यानं हात आखरला."

"म्हणू देत. तुम्हाला कुठलं बोलणं परवडेल ते ठरवा."

त्यांनी जाळीवरून एकदा हात फिरवला. मग मान डोलावली.

लग्नाच्या संध्याकाळी आम्ही दोघं करावे गावात गेलो. गाडी आजोबा चालवणार होते. म्हात्र्यांनी तशी गळच घातली होती. माझ्या पर्समध्ये, वेळ आलीच तर पंपावर गुंडाळायला, भिजवलेला नॅपकिन एका प्लास्टिकच्या पिशवीत होता. आम्ही पोचलो तेव्हा नवरी गाडीत बसलेली, सुवासिनींनी गाडीला कुंकू लावलेलं, बँड सुरू झालेला. आणि गाडीच्या तोंडावर वरपासून खालपर्यंत झेंडू. भाच्यांनी हौसेने आयत्या वेळी लावला होता. म्हात्रे गर्दीत हात चोळत उभे होते. पूजा झालेल्या नवरीच्या गाडीवरची फुलं उतरवायची कोणी आणि कोणत्या तोंडाने?

वंदनाच्या सासूबाई पाहुण्यांत पहिल्या रांगेत होत्या. जरीची साडी, गळ्यात ठसठशीत हार. गाडीकडे बघून त्या शेजारणीला म्हणाल्या, "दोरी घेतली का गं गारी ओढाला? लागंल." शेजारीण हसली.

वंदना माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तिने ते ऐकलं. मी तिला पूर्वी कधी भेटले नव्हते, पण चेहऱ्यावरून ओळखलं. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "पुढची फुलं निघायला हवीत, बाळा. गाडीला श्वास घेता येत नाही."

तिने का, कसं, काही विचारलं नाही. ती सरळ गाडीपुढे गेली, त्या पडद्यातून ओंजळभर झेंडू तोडला आणि खिडकीतून बहिणीच्या अंगावर उधळला. "माझे बहिनीला फुला टाका गं!" ती ओरडली. क्षणभर कोणालाच काही कळेना. मग तिच्या काकी आल्या, मग करवल्या, मग मुलं. ज्याच्या हाताला येईल तो फुलं तोडून हर्षदावर टाकत होता. वरात गल्लीच्या वळणाला लागेपर्यंत गाडीचं तोंड मोकळं झालं होतं आणि नवरी झेंडूत बुडाली होती. मागे एक बाई दुसरीला विचारत होती, "ही रीत कनची गं? आपल्यान नव्हती."

मी गाडीच्या बाजूने चालत होते. काटा मला खिडकीतून दिसत होता. आजोबांच्या कपाळावर घाम होता. नाचणारी पोरं मध्येच थांबायची, बँड एकच चाल पुन्हा पुन्हा वाजवायचा, आणि दर थांब्याला मी इंजिनाचा सूर ऐकायचे. एका ठिकाणी तो वर-खाली झाला. खरंच झाला की मला वाटलं, हे मी आजही सांगू शकत नाही. म्हात्रे एकदाही नाचले नाहीत. ते सबंध वाटभर गाडीपुढे उलटे चालत होते, तोंड गाडीकडे करून.

हर्षदाचं सासर सारसोळ्याला, फार लांब नव्हे. पण दारात नवऱ्याच्या बहिणींनी वाट अडवली. ओवाळणीवरून थट्टा, हुज्जत, पुन्हा थट्टा. तिथे सर्वांत जास्त वेळ गेला. गाडी उभी, स्लोवर. मी पर्सची चेन उघडून नॅपकिनवर हात ठेवला. वंदनाच्या सासूबाई बघत होत्या. आम्ही सगळेच बघत होतो.

मग दार उघडलं आणि हर्षदा उतरली. तिच्या साडीतून झेंडू खाली सांडले. तिला ओवाळलं, तिने उंबऱ्यावरचं माप ओलांडलं, माणसं तिच्यामागे आत गेली. गाडी अजून चालूच होती.

"आता बंद करतो," आजोबा म्हणाले.

"नको," म्हात्रे म्हणाले. "राहू दे सायेब. चालू राहू दे."

"अहो, काम झालं."

"जेवना होऊ देत. चालू राहू दे."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच 'राहू दे' म्हटलं. पंगत बसल्याचा आवाज आला. म्हात्र्यांना बोलवायला दोघं येऊन गेले, ते हलले नाहीत. शेवटी वंदना बाहेर आली. तिच्या मागोमाग तिच्या सासूबाई दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. वंदनाने खिडकीतून आत हात घातला आणि किल्ली फिरवली.

"पोचली ती, बाबा," ती म्हणाली. "जेवाला चला."

इंजिन थांबलं. म्हात्रे तरीही बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ तिथेच उभे राहिले.